पितळी हंस आणि शुक्रवारचे डिझेल

मागील दिवाळी अंकात एका सद्गृहस्थांनी मोटार बाळगणाऱ्यांना असा उपदेश केला होता, की गाडी तेल जास्त खाऊ लागली तर प्रथम ड्रायव्हर बदलावा. ते वाक्य वाचून मी त्याच दुपारी संपादकांना लांबलचक पत्र लिहिले. संपादकांनी उलट टपाली कळवले, की राग थोडा कमी करून अनुभव थोडा जास्त लिहावा. अनुभव लिहितो. रागाविषयी मी कोणतेही आश्वासन दिलेले नाही.

मी कुंभकोणमचा. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारी लेखणी चालवीत. वडील एका वकिलांकडे गुमास्ते होते. घरात कायद्याची पुस्तके होती आणि ती मी वाचली. पण पोट भरले ते इंजिनांनी. सन पन्नासनंतरची बरीच वर्षे मी गावातल्या एका मोटार वर्कशॉपचा फोरमन होतो. तमिळ गिऱ्हाइके आम्हां मराठी लोकांना ‘रायर’ म्हणतात. माझ्या बाबतीत ती माझ्या पाठीमागे ‘लॉ पॉइंट रायर’ म्हणत, हे मला ठाऊक होते. मी हरकत घेतली नाही, कारण वर्णन वस्तुस्थितीला धरून होते.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे धंद्याविषयी. ‘ताकद कमी झाली’ आणि ‘तेल जास्त लागते’ या दोन तक्रारी नव्हेत, ती एकच तक्रार आहे. इंजिन दुबळे झाले की ड्रायव्हर पेडल अधिक दाबतो, खालचा गिअर अधिक वेळ वापरतो आणि तेच अंतर कापण्यास अधिक डिझेल जळते. दुबळेपणाचे कारण मात्र कोठेही असू शकते: तेलाच्या गाळणीत, हवेच्या गाळणीत, नोझलच्या फवाऱ्यात, पंपाच्या वेळेत, व्हॉल्वमध्ये, किंवा इंजिनात नव्हेच, चाकाला घासणाऱ्या ब्रेकमध्ये. म्हणून तपासणाऱ्याने अंदाज बांधू नये. साक्षीदार एकेक करून बोलवावा. इंजिनाची उलटतपासणी करता येते. ते खोटे बोलत नाही, फक्त विचारल्याखेरीज बोलत नाही.

एक लहान उदाहरण देतो. पापनाशमच्या रस्त्यावरची एक बस आयुधपूजेनंतर, म्हणजे आपल्या खंडेनवमीनंतर, दर फेरीत थोडे मैल गेली की कण्हू लागे आणि थांबे. कंडक्टर उतरून टाकीत तेल आहे की नाही ते पाही, झाकण लावी, ड्रायव्हर पंप मारी आणि बस चालू होई. साऱ्या मार्गावर बोलबाला झाला, की कंडक्टरच्या हाताला गुण आहे. मी पाहिले, तेव्हा टाकीच्या झाकणावर पूजेच्या चंदनाचा जाड लेप वाळून बसला होता आणि हवा आत जाण्याचे बारीक भोक त्याखाली बुजले होते. आत हवा नाही, म्हणून तेल पंपाकडे उतरत नव्हते; कंडक्टर झाकण उघडी तेव्हा हवा आत जाई. मी खिळ्याने भोक मोकळे केले. कंडक्टर मात्र माझ्यावर नाराज झाला, कारण प्रवासी त्याला केळी देत असत ती बंद झाली.

आता मुख्य प्रकरण. भाताची गिरणी चालवणारे एक मुदलियार होते. त्यांच्याकडे मोठ्या पेट्रोल गाडीचा सांगाडा होता आणि त्यात डिझेल इंजिन बसवलेले होते. पेट्रोल महाग, म्हणून त्या काळी असे बदल होत. (हा बदल नोंदणीच्या पुस्तकात रीतसर नोंदवून घ्या, असे मी त्यांना तीन पत्रांनी कळवले होते आणि अखेर त्यांनी तो नोंदवला.) गाडीवर येसाजी नावाचा ड्रायव्हर होता. आमच्यापैकीच, तंजावरहून आलेल्या जुन्या मराठा घराण्यातला. उंच, कमी बोलणारा. गाडी वर्कशॉपमध्ये आणायची तर आधी ती धुऊन, पुसून, चाकांच्या कमानींत हात घालून चिखल काढून आणणार.

मुदलियारांची तक्रार होती, की गाडी भलतेच डिझेल पिते. मी येसाजीला विचारले.

“रोज नव्हें, रावजी,” तो म्हणाला. “शुक्रवारीं जड होते. अरसलार नदीच्या पुलावर चढतांना दुसरा गिअर घालावा लागतो. धूर काळा सोडते, आणि आवाज दबतो.”

“आवाज दबतो म्हणजे?”

“तोंडावर कोणी उशी धरली कीं माणूस जसा ओरडेल, तसा.”

“शुक्रवारी गाडी जाते कुठे?”

“जेथें नेण्यास सांगतात तेथें.”

“गाडीत कोण असते?”

“मालकाची माणसें.” इतके बोलून तो फडक्याने आरसा पुसू लागला. आरसा आधीच स्वच्छ होता.

मी गाडी ठेवून घेतली. दोन्ही गाळण्या उघडल्या. नोझल हातपंपावर लावून फवारा पाहिला. तो धुक्यासारखा बारीक होता. पंपाची वेळ, व्हॉल्वची फट, सिलिंडरचा दाब, सारे जागच्या जागी. चारही चाके उचलून हाताने फिरवली. ब्रेक घासत नव्हता. शेवटी टाकीची नळी सोडून इंजिनाला खूण केलेल्या काचेच्या बाटलीतून तेल दिले, जास्तीचे तेल परत आणणारी नळीही त्याच बाटलीत सोडली, आणि नाचियार्कोविलच्या रस्त्यावर गाडी नेऊन आणली. अरसलारच्या पुलावर ती वरच्या गिअरमध्ये हसतहसत चढली. तेल लागले तेवढेच लागायला हवे होते.

मी लेखी अहवाल दिला: ‘तपासणीच्या वेळी इंजिनात दोष आढळला नाही.’ यातील ‘तपासणीच्या वेळी’ हे शब्द मी विचारपूर्वक घातले होते. मुदलियारांनी ते वाचले नाहीत. गिरणीच्या अंगणात, पोती वाहणाऱ्या साऱ्या हमालांसमोर, त्यांनी माझा कागद हवेत फडकवला.

“इंजिन चांगले आहे. मग डिझेल कोण पितो? तू पितोस?”

हमाल हसले. मुदलियारांनी त्याला कामावरून दूर केले आणि माझा अहवाल जोडून पोलिसांकडे चोरीची तक्रार दिली. तक्रारीत कलम तीनशे एक्याऐंशी, नोकराने केलेल्या चोरीचे, घातले होते. जी वस्तू मालकाने स्वतः नोकराच्या हवाली केली, तिच्याविषयी आरोप असेल तर तो विश्वासघाताचा, कलम चारशे आठ. एखाद्याचे आयुष्य मोडायला निघालात तर कलम तरी नीट शोधावे! हे मी मुदलियारांना लेखी कळवले. शिवाय हेही कळवले, की दोष आढळला नाही आणि दोष नाही ही दोन भिन्न विधाने आहेत. माझ्या सहीखाली मी न लिहिलेले वाक्य वाचण्याचा अधिकार कोणालाही नाही. उत्तर आले नाही.

येसाजीसमोर काय उभे होते हे सांगायला हवे. गुन्हा शाबित झाला तर तुरुंग. शाबित न झाला तरी डिझेलचोर ठरलेल्या ड्रायव्हरला त्या तालुक्यात कोणी चावी देत नसे. मी त्याच्या घरी गेलो.

“शुक्रवारचे सांग. गाडी कोठे जात होती, कोण बसत होते, काय घडत होते, क्रमाने सांग.”

“सांगणार नाहीं, रावजी. जीभ दिली आहे.”

“कोणाला?”

“तें सांगितलें तर निम्मी जीभ गेलीच कीं.”

“अरे, तुरुंगात जाशील!”

“चोरी करून जाणार नाहीं ना?” तो शांतपणे म्हणाला. त्या शांतपणाचा मला मुदलियारांपेक्षा अधिक संताप आला.

सबइन्स्पेक्टर सावध गृहस्थ होते. खटला उभा करण्यापूर्वी त्यांनी गाडी पुन्हा माझ्याकडे तपासणीस पाठवली. या वेळी शनिवारी सकाळी गिरणीचा लॉरी ड्रायव्हर ती घेऊन आला. आदल्या दिवशी गाडी बाहेर जाऊन आली होती आणि ती धुण्याचे कष्ट त्याने घेतले नव्हते. मी मागे वाकलो आणि धुराच्या नळीच्या टोकाशी थबकलो. साऱ्या नळीवर काजळी होती. टोकाशी मात्र बोटभर रुंदीचे स्वच्छ कडे होते. त्या कड्यावर पट्टा आवळल्याचे ओरखडे, आणि ओरखड्यात हळद.

तेथे काहीतरी बसवले जात होते आणि काढले जात होते. येसाजी इतका स्वच्छ माणूस, की प्रत्येक वेळी त्याने स्वतःच्या बचावाचा पुरावा धुऊन काढून मगच गाडी माझ्याकडे आणली होती.

हळद लागलेली वस्तू गॅरेजात ठेवत नाहीत. मी धोतर बदलून मुदलियारांच्या घरी गेलो. ते गिरणीत होते. त्यांच्या मातोश्री, ज्यांना सारे गाव पेरियम्मा म्हणे, ओसरीतल्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. आमचे बोलणे तमिळमध्ये झाले. मी ते मराठीत देतो.

“रायर, मोटारीचे काम मोटारीपाशी करावे. घरात कशाला आलात?”

“मोटारीचा एक भाग आपल्या देवघरात असावा, असा माझा तर्क आहे.”

झोपाळा थांबला. त्या उठून आत गेल्या आणि पदराखाली झाकलेली वस्तू घेऊन आल्या.

ती एक पितळी नळी होती. पट्ट्याने धुराच्या नळीला लावायची, तेथून वर वळून टपाच्या उंचीपर्यंत जाणारी, आणि शेवटी हंस. नाचियार्कोविलच्या समईवर बसतो तसाच, मान वळवलेला, चोच किंचित उघडी. कारागिराने पिसे अशी कोरली होती, की मी क्षणभर कामाचे विसरलो. मग चोचीत करंगळी घातली. ती पेरापलीकडे जाईना. नखाला भाजलेली माती लागली. पोकळ वस्तू ओततात तेव्हा आत मातीचा गाभा घालतात; मानेच्या वळणात तो तसाच राहिला होता आणि त्यावर काजळी चढत गेली होती.

श्वास घ्यायला मोकळा, सोडायला सुईचे भोक! जळालेला वायू बाहेर पडेना, म्हणून ताजी हवा आत मावेना, म्हणून तेल अर्धवट जळे, म्हणून काळा धूर. येसाजीने उशी म्हटले होते ते शब्दशः खरे होते.

“हे कशासाठी केलेत, अम्मा?”

“माझ्या सुनेची कूस दोनदा रिकामी झाली,” त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली, की झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर त्यापेक्षा मोठी होती. “आता तिसऱ्यांदा आहे. दर शुक्रवारी तिला तिरुक्करुगावूरला, गर्भ राखणाऱ्या देवीपुढे नेते. मागून धूर गाडीत येतो, तिला घुसमटते. तो वर जावा म्हणून हे करवले. कारागिराला नुसते नळीचे माप दिले. कशासाठी ते सांगितले नाही. तिला दिवस आहेत हे माझा मुलगा आणि हा येसाजी, यांच्याखेरीज बाहेर कोणी जाणत नाही; लॉरीवाल्याला नुसते देवदर्शन सांगितले. येसाजीकडून मी देवीची शपथ घेतली आहे.”

“मुदलियारांनी तरी हंस पाहिला असेल?”

“पाहिला. गाडीला हारही असतो, लिंबूही असते. ते कोणी मोजते का? तुमच्याकडे गाडी पाठवायची म्हटले की मीच काढून ठेवत होते. नवसाच्या वस्तूला तुमचे ग्रीसचे हात कशाला?”

“अम्मा, एका निर्दोष माणसावर आळ आहे. हे पोलिसांपुढे यायला हवे.”

“आले की विचारतील, हा हंस कशाला, शुक्रवारी कुठे जाता. मग ते लिहिले जाईल. तुम्ही तर सगळेच लिहिता!” त्यांचे डोळे भरले होते, पण जिभेची धार तशीच होती. “दोन्ही खेपेस मी आनंदाने सांगत सुटले होते. दोन्ही खेपेस गेले. तुमच्या कायद्यात नजर लागण्यावर कलम आहे का, रायर?”

“नाही.”

“मग तुमचा कायदा अर्धाच आहे.”

मी एवढेच म्हणालो, की मी जे तपासतो त्याचाच दाखला देतो. हंस आपला आहे, मी तो नेणार नाही आणि आपले गुपितही सांगणार नाही. परंतु हंस गाडीला लागलेला नसताना केलेल्या माझ्या प्रत्येक तपासणीचा उपयोग येसाजीविरुद्धच होईल. नमस्कार करून मी निघालो. त्यांनी नमस्कार परत केला नाही.

चौकशीच्या दिवशी सबइन्स्पेक्टर गिरणीत आले. मला बोलावले होते, येसाजीलाही. गाडी अंगणात उभी होती. हमालांचे हात थांबले होते. मुदलियार मला म्हणाले, “काय, लॉ पॉइंट रायर, आज कोणते कलम आणले?”

मी तोंड उघडले, पण बोलायचे काय? जे ठाऊक होते ते बोलायचे नव्हते आणि जे बोलता आले असते ते पुरेसे नव्हते. तेवढ्यात फाटकातून बैलगाडी आत आली. पेरियम्मा उतरल्या. त्या बाई गिरणीत कधी पाऊल टाकत नसत. मुदलियार पुढे धावले. त्यांना हाताने बाजूला करून त्या अंगणाच्या मध्यभागी आल्या, गाठोडे सोडले आणि हंस भाताच्या तुसावर उभा केला.

“माझी सून गरोदर आहे,” त्या साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “तिच्यासाठी मी हा करवला. हा गाडीला लावत होते आणि उतरवत होते. हा येसाजी गप्प राहिला, कारण मी त्याचे तोंड बांधले होते. आता सोडले.” मग मुलाकडे वळून म्हणाल्या, “विचार या हंसाला, डिझेल कोण पितो.”

कोणी हसले नाही. येसाजीने मान खाली घातली होती; त्याचे खांदे हलत होते.

मी बाटली लावली. सबइन्स्पेक्टर मागे बसले, मुदलियार पुढे, चाकावर येसाजी. प्रथम हंसाविना अरसलारच्या पुलापर्यंत जाऊन आलो. मग त्याच माणसांसह, त्याच रस्त्याने, हंस लावून. पुलाच्या चढावर गाडी कण्हू लागली, येसाजीने दुसरा गिअर घातला, आणि हंसाच्या चोचीतून काजळाच्या वातीसारखी काळी धार निघाली. परत आलो तेव्हा बाटलीवरच्या दोन खुणांमधील फरक हमालांनाही लांबून दिसत होता.

सबइन्स्पेक्टर उतरले, हंसाकडे पाहिले आणि म्हणाले, “मुदलियार, चोर सापडला. पण याला हातकडी कोठे घालू?”

तक्रार मागे घेतली गेली. मुदलियार म्हणाले, “झाले ते झाले. उद्यापासून ये कामावर.” एवढेच. मी त्यांना पत्रे लिहिली, की तक्रार मागे घेणे म्हणजे आरोप चुकीचा होता असे म्हणणे नव्हे. ज्या हमालांपुढे आळ घेतला त्यांच्यापुढे तसे स्पष्ट शब्दांत सांगणे हे आपले कर्तव्य आहे. एका पत्राचेही उत्तर आले नाही. समोर भेटले की म्हणत, “रायर, शब्दांत काय आहे?” ज्याला शब्दांची किंमत नसते, त्याला ते उच्चारणे इतके जड का जाते, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

येसाजी कामावर गेला. मालकासाठी नव्हे, पेरियम्मांसाठी. मी रुंद लोखंडी नळी करून धूर टपाच्या वर नेला आणि हंस त्या वाटेतून काढून बॉनेटवर बसवला. गर्भारपण आता उघड झाले होते. पेरियम्मा दर शुक्रवारी सुनेची दृष्ट काढून मग तिला गाडीत बसवीत, आणि पूल ओलांडेपर्यंत दारात कोणाची वाट पाहत उभ्या असल्यासारखा त्यांचा काळजीचा चेहरा गाडीतही दिसे, असे येसाजी सांगे. दिवस भरले. तंजावरच्या इस्पितळात मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप.

ती घरी आली त्या दिवशी मी मुदलियारांच्या अंगणात होतो. गाडीच्या नव्या नळीचा पट्टा पाहायला त्यांनीच बोलावले होते. येसाजीने गाडी इतक्या हळू आत आणली, की इंजिनाचा आवाज कोंबड्यांनाही उठवेना. पेरियम्मांनी बाळाला तुकडा ओवाळून आत घेतले. सारी मंडळी त्यांच्यामागे गेली. मग येसाजीने काच पुसली, चावी काढली आणि मुदलियारांच्या पुढ्यात पायरीवर ठेवली.

“हे काय?” मुदलियार म्हणाले. “आता तर गाडी ठीक चालते आहे.”

“ठीक चालते म्हणूनच आता सोडतो, सामी,” येसाजी त्यांना तमिळमध्ये म्हणाला. “इंजिन आहे. जुने होईल, पुन्हा कधीतरी तेल जास्त खाईल. त्या दिवशी मी येथे नसावे.”

मुदलियारांनी पगार वाढवण्याची गोष्ट काढली. येसाजीने हात जोडले, आणि फाटकाकडे चालू लागला. मुदलियारांनी प्रथमच गोंधळून माझ्याकडे पाहिले.

“रायर, तुम्ही तरी सांगा त्याला. काहीतरी कलम असेल ना?”

“आहे,” मी म्हणालो. “पण ते त्याच्या बाजूने आहे.”